मी तिथे नव्हतेच! (सात भावंडं, एक वही आणि एक शिडी)

सहावी

आम्ही सात भावंडं आणि त्यात मी सहावी, म्हणून इथला आयडी हा. थोरल्या अक्कात आणि धाकट्यात १७ वर्षांचं अंतर. अक्का पहिल्या नोकरीवर रुजू झाली तेव्हा धाकटा नुकता बोबडं बोलायला लागला होता.

गेल्या वर्षी सगळे एकत्र जमलो असताना ठरलं की लहानपणच्या आठवणी लिहून काढायच्या. पुढच्या पिढीसाठी वगैरे म्हणायचं झालं, पण खरं कारण असं की त्या दोन दिवसांत कुणालाच कुठलीही गोष्ट पूर्ण सांगता आली नव्हती. एकाने तोंड उघडलं की दुसरा लगेच, "असं नव्हतं ते." शेवटी धाकट्याने एक जाड वही आणली. वयाप्रमाणे ती फिरणार, प्रत्येकाकडे एक महिना.

अक्काने वही उघडलीच नाही. "मला काही आठवत नाही, तुम्ही लिहा," म्हणून चौथ्या दिवशी दादाकडे धाडली. दादाने अकरा पानं लिहिली, त्यातली सहा स्वतःच्या अभ्यासाबद्दल. (दादा इथे फिरकत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस.) उरलेल्या पानांत शिडीचा प्रसंग आला. आमचा चौथा, भाऊ, आठ वर्षांचा असताना माळ्यावरचं काहीतरी काढायला शिडीने चढला, पडला आणि उजवा हात मोडून घेतला. दादाच्या म्हणण्याप्रमाणे शिडी त्याने धरली होती, ताईने हाक मारली म्हणून त्याने मान वळवली आणि घात झाला. ताईने त्याच पानावर खाली लिहिलं की शिडी तिने धरली होती, दादा तेव्हा घरातच नव्हता. भाऊने लिहिलं, "हात मोडला होता हे खरं आहे." बस्स. भाऊ असाच आहे. पाचवा बापू म्हणतो, शिडी कसली, पलंगावरून पडला होता.

मग वही माझ्याकडे आली. मी खुशीत लिहायला बसले, कारण मला तो प्रसंग लख्ख आठवतो. मी दारात, चौकटीला धरून उभी आहे. भिंतीवर शिडीची तिरकी सावली. भाऊ खाली पडलाय, पण रडत नाहीये. कुणीतरी भलतंच काही विचारल्यासारखा चेहरा झालाय त्याचा. दीड पान लिहिलं. दादा शिडीपाशी होता हेही छातीठोकपणे लिहून टाकलं.

त्यानंतर धाकट्याला वडिलांच्या खिशातल्या जुन्या डायऱ्या सापडल्या. वडील रोज एक ओळ लिहायचे, दुसरी कधीच नाही. "चौथ्याचा हात मोडला. प्लास्टर ६ आठवडे." वर तारीख.

त्या तारखेला मी पाच महिन्यांची होते.

आता सांगा, चौकटीला धरून कोण उभं होतं? आणि मुख्य म्हणजे या वहीचं करायचं काय? दादा म्हणतो, सगळ्यांनी एकदा बसू, एक मजकूर नक्की करू आणि बाकीचं खोडू. कुणी असला उद्योग केलाय का?

टिंब

पाच महिन्यांची आणि चौकटीला धरून उभी! बाळसं जोरदार असणार.

वाचतेय. पुढे काय झालं ते लिहाच.

निळी शाई

सहावी, तुझ्या पंगतीला फार मोठा माणूस बसलाय. ज्याँ पियाजे. लहान मुलं विचार कसा करतात याचा आयुष्यभर अभ्यास केलेला स्विस मानसशास्त्रज्ञ. त्याला स्वतःची एक आठवण अगदी स्पष्ट दिसायची. तो बाबागाडीत आहे, कुणीतरी त्याला पळवून न्यायला बघतंय, सांभाळणाऱ्या बाईने झटापट करून त्याला वाचवलंय आणि त्यात तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठलेत. तो पंधराएक वर्षांचा झाल्यावर त्या बाईने पत्र पाठवून कबूल केलं की सगळं रचलेलं होतं, आणि तेव्हा बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळही परत केलं. म्हणजे न घडलेली गोष्ट त्याला ओरखड्यांसकट दिसत होती! घरात कानावर पडलेल्या गोष्टीतून त्याने चित्र तयार केलं आणि ते पाहिलेलं म्हणून जपलं.

बहुतेक मोठ्या माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. पण काही प्रसंग त्याआधीचेही टिकतात. अशर आणि नायसर यांचा १९९३ चा अभ्यास आहे. धाकट्या भावंडाचा जन्म त्या वेळी दोन वर्षांच्या असलेल्यांनाही आठवू शकतो, असं त्यात दिसलं. धाकटा झाला तेव्हा तू केवढी होतीस? त्यातलं काही आठवतं का?

सहावी

@निळी शाई, तेव्हा मी दोन पूर्ण. आठवतं... म्हणजे आता "आठवतं" म्हणायचीच भीती वाटायला लागलीये. एक बंद दार आठवतं. अक्काने मला कडेवर घेतलं होतं आणि ती म्हणाली, "आता तू मोठी झालीस." मला प्रचंड राग आला होता. तो राग माझाच आहे, यावर मी ठाम आहे. दाराची खात्री देत नाही. दारांच्या बाबतीत माझा इतिहास वाईट आहे.

थोरला नग

मी आठांतला थोरला. तुमच्या अक्कांची बाजू घ्यायला आलोय.

"मला काही आठवत नाही" याचा अर्थ तसा नसतो. तुम्ही मंडळी ज्याला लहानपण म्हणता तेव्हा आम्ही कामावर होतो. धाकट्या भावंडांना मोकळा वेळ असतो, त्यामुळे त्यांच्याकडे प्रसंग असतात. शिडी, सावली, चेहरा वगैरे. आमच्याकडे प्रसंग नसतात, रोजचं रोज असतं, आणि ते आठवण म्हणून कसं लिहायचं हे कुणी शिकवलेलं नाही. माझ्या भावंडांनीही मला असाच कोरा कागद दिला होता. वर्षभर तो तसाच पडून होता. आम्ही सगळे एका घरात वाढलो असं म्हणतात, पण मी वाढलो त्या घरात तीन माणसं होती आणि धाकटी वाढली त्या घरात दहा. आईवडीलही तेच नव्हते. माझ्या वाट्याला आलेले वडील तिशीतले होते, तिच्या वाट्याला आले ते थकलेले आणि बरेच मऊ झालेले. तिने लिहिलेले वडील वाचून मला वाटलं, हे गृहस्थ कोण?

अक्कांना "आठवण लिहा" म्हणू नका. प्रश्न विचारा. कोण कुठे झोपायचं? कुणाचे कपडे कुणाकडे जायचे? आजारी पडल्यावर कुणाजवळ कोण बसायचं? घराची किल्ली कुणाकडे असायची? माझ्या बहिणीने मला असे बारा प्रश्न पाठवले आणि मी चाळीस पानं लिहिली. थांबताच येईना.

रिकामटेकडा

+१ थोरला नग. आम्ही पाचच, तरी दोन पार्ट्या आहेत.

खोडरबर

दादांना आधी थांबवा. "सगळे बसून एक मजकूर नक्की करू" हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि हे माझं एकटीचं मत नाही. स्मृतीच्या अभ्यासात हे बऱ्यापैकी प्रस्थापित आहे, १९९७ मध्ये वेल्डन आणि बेलिंजर यांनी दाखवलेलं. तीन माणसांना एकत्र बसवून आठवायला सांगितलं, की त्यांना निघतं ते तिघांनी वेगवेगळं आठवून केलेल्या बेरजेपेक्षा कमी असतं. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्याला वाटतं एकाने सांगितलं की दुसऱ्याला सुचतं. पण एक बोलायला लागला की दुसऱ्याच्या आठवणीचा धागा तुटतो, तो त्याच्या मागे जातो. भावंडांत तर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याची आवृत्ती हीच घराची आवृत्ती होऊन बसते. प्रत्येक घरात असा एक दादा असतो (किंवा ताई. आमच्याकडे मी).

याच कारणाने फिरती वहीसुद्धा चूक. ताईंनी दादांच्या पानाखालीच लिहिलं, तुम्ही त्या दोघांचं वाचून लिहिलंत. पहिल्या माणसानंतर जे काही लिहिलं गेलं ते उत्तर आहे, आठवण नाही. सुटे कागद द्या. प्रत्येकाने आपापलं लिहून पाकीट बंद करून पाठवायचं. सगळी आल्यावर एकदम उघडायची. बोलणं, भांडणं त्यानंतर.

आणि "कधी" विचारू नका, "काय" विचारा. वाखनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोज स्वतःच्या दिवसातली घटना लिहून ठेवली, दोन हजारांवर नोंदी. मग स्वतःचीच परीक्षा घेतली: नुसतं "काय" सांगितलं तर बाकीचं आठवतं का, नुसतं "कोण", नुसतं "कुठे", नुसतं "कधी". "काय" सगळ्यात उपयोगी पडलं. नुसत्या तारखेवरून जवळजवळ काहीच आठवेना. हे काम १९८६ मध्ये छापून आलंय. तेव्हा भावंडांना "ते कुठल्या साली झालं" विचारून वेळ घालवू नका, ते वडिलांच्या डायरीवर सोडा.

टिंब

@खोडरबर, "आमच्याकडे मी" 😄 प्रामाणिकपणाला सलाम.

कोरी पाटी

विषय हलकाफुलका चाललाय, त्यात विरजण घालते. आम्ही सहा. चार वर्षांपूर्वी असंच ठरवून लिहायला घेतलं. तीन नंबरच्या भावाने वडिलांच्या माराबद्दल लिहिलं. फार नाही, पाऊण पान. पट्टा कुठे टांगलेला असायचा आणि पावलांचा आवाज कुठल्या पायरीवर बदलायचा, एवढंच. मोठ्या बहिणीने ते वाचलं आणि पान फाडून टाकलं. तिचं म्हणणं, वडिलांनी कधी कुणावर हात उचलला नाही. ती खोटं बोलत नाहीये. तिच्यावर खरंच कधी उचलला नव्हता. तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद आहे.

सुटे कागद, पाकिटं हे सगळं ठीक. पण उघडल्यावर काय, याची तयारी आहे का?

आडवाटेचा

माफ करा, पण असलं लिहायचंच कशाला? माणूस गेला, विषय संपला. बालपणच्या आठवणी म्हणजे मुलांनी, सुनांनी, जावयांनी वाचायची गोष्ट. घरातलं चव्हाट्यावर मांडून काय मिळतं?

कोरी पाटी

@आडवाटेचा, कपाटातल्या वहीतलं पाऊण पान म्हणजे चव्हाटा नव्हे. आणि विषय संपला असता तर साठीच्या माणसाला अजून तो पट्टा कुठे टांगलेला असायचा ते आठवलं नसतं.

थोरला नग

आडवाटेचा, तुमचा मुद्दा मला पूर्वी पटायचा. आता नाही पटत. माझ्या पानांमध्ये मी धाकट्यांना मारल्याचंही आहे. घरात वडिलांचा हात कमी पडला की थोरल्याला मुभा असायची. ते मी लिहिलं तेव्हा एकाही भावंडाने "असं नव्हतं ते" म्हटलं नाही. एरवी एवढी भांडकुदळ मंडळी, पण तेव्हा सगळे गप्प होते.

कोरी पाटी, ते पान परत लिहून घ्या भावाकडून. बहिणीच्या पानाशेजारी ठेवा. दोन्ही पानं एकाच घराची आहेत.

आडवाटेचा

ठीक आहे. माझ्या घरी मी हे करणार नाही, पण तुमचं म्हणणं कळलं.

निळी शाई

सहावीच्या मूळ प्रश्नाकडे. चौकटीला धरून कोण उभं होतं, हे शोधता येईल असं मला वाटतं, कारण तुमच्या सातांतल्याच कुणाची तरी ती आठवण असणार.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मजेदार अभ्यास आहे. जुळ्या भावंडांच्या २० जोड्यांना ४५ शब्द दिले आणि प्रत्येक शब्दावरून एक आठवण सांगायला सांगितली. बहुतेक जोड्यांत निदान एक आठवण अशी निघाली की दोघंही म्हणतात, "हे माझ्या बाबतीत घडलं." त्यात दोघी बहिणी होत्या. स्कर्ट फार तोकडा म्हणून शाळेने मला घरी पाठवलं, असं दोघीही सांगत होत्या. पुढे वयाने जवळची भावंडं आणि मित्रमैत्रिणी यांच्यातही हे सापडलं, फक्त जुळ्यांपेक्षा कमी. गंमत अशी की भांडणातल्या या आठवणी बिनभांडणाच्या आठवणींपेक्षा जास्त ठसठशीत असतात. म्हणजे तुझी सावली आणि चेहरा इतके स्पष्ट दिसतात, याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य.

ती ४५ शब्दांची युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे. आठवण मागण्यापेक्षा शब्द द्यायचा.

कागदी वाघ

फक्त कामाचं लिहितो. जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिलीने, फोटो कडक पृष्ठभागावर उलटा ठेवून, कडेला हलक्या हाताने लिहायचं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो वेळीच बाहेर काढा, नंतर निघता निघत नाहीत. हस्ताक्षरातली पानं टाइप करून मूळ फेकू नका. सगळ्या पानांचे फोटो काढून निदान दोन वेगळ्या घरी ठेवा. फोटोमागे नुसतं "ताई आणि मी" लिहू नये. पन्नास वर्षांनी तो "मी" कोण होता, ते कुणालाच कळत नाही. आमच्याकडे असे अकरा "मी" आहेत.

सहावी

सगळ्यांचे आभार. दीड महिन्यानंतर लिहितेय. दादाला "मजकूर नक्की करण्या"पासून परावृत्त केलं, त्यात एक आठवडा गेला. खोडरबरचं नाव न घेता "संशोधन असं सांगतं" म्हटलं. दादा संशोधनापुढे नमतो.

धाकट्याने शब्द निवडले. ४५ नाही, १५. शिडी, आरसा, ताप, किल्ली, कात्री, पावसात भिजलेलं काहीतरी, कुलूप, पहिला पगार (हा अक्कासाठी मुद्दाम), मांजर, उशी... उरलेले आता आठवत नाहीत. सातही जणांना सुटे कागद आणि पाकिटं गेली. अक्काला शब्दांऐवजी थोरला नग यांचे प्रश्न पाठवले.

पाच पाकिटं आली. अक्का आणि भाऊ बाकी. आलेली उघडायची नाहीत असं ठरलंय, पण ताईचा फोन आला आणि तिच्या तोंडून निघून गेलंच. मी तिला विचारलं, भाऊ पडल्यावर रडत नव्हता ना? ती म्हणाली, "नव्हताच. असा बघत होता जसं काही कुणी भलतंच विचारलंय." मी विचारलं, तू कुठे होतीस? "दारात. चौकट धरून."

म्हणजे तिने शिडी धरली नव्हती! तिच्याही ते बोलता बोलताच लक्षात आलं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू झोपत नव्हतीस म्हणून मी तुला ही गोष्ट सांगायची. दर वेळी सांगायची. तू मागून घ्यायचीस." आणि मग एकदम, "माझी आठवण ढापलीस की गं!"

तेव्हा दार तिचं. मी ते नुसतं वापरत होते.

टिंब

अरे देवा. अंगावर काटा.

रिकामटेकडा

पण मग ताईंनी "शिडी मी धरली होती" असं वहीत का लिहिलं?

खोडरबर

@रिकामटेकडा, दादांनीही तेच लिहिलंय. दोघांनीही स्वतःला शिडीपाशी उभं केलं आणि पडण्याचं खापर स्वतःवर घेतलं. मला हे श्रेय लाटणं वाटत नाही. दहा-तेरा वर्षांच्या मुलांना "आपण धरायला हवी होती" असं वाटलं असेल. पन्नास वर्षांत "हवी होती" गळून पडलं असेल.

अर्थात हा माझा अंदाज. मी त्या घरात नव्हते. सहावीइतकीही नव्हते.

सहावी

@खोडरबर 😄

अक्काचं पाकीट आलं. जाडजूड. सगळ्यांनी मिळून उघडायचं ठरलं होतं, तसं काल उघडलं. तिने प्रत्यक्ष येणं टाळलं, फोनवर होती. इथे थोडं टाकायची परवानगी तिच्याकडून आणि ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्याकडून घेतली आहे.

आठवण म्हणावी असं त्यात काहीच नाही. हिशेबाच्या वहीसारखं लिहिलंय.

"झोपण्याचा क्रम, भिंतीकडून: दादा, भाऊ, बापू. दुसऱ्या बाजूला ताई, मी, सहावी. भाऊला अंधाराची भीती, म्हणून तो मध्ये. हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, वाचून दाखवू नये." (वाचून दाखवलं गेलं. भाऊ समोरच बसला होता. हसला.)

"चपला: दादाच्या भाऊला, भाऊच्या बापूला. बापूपर्यंत येईतो डाव्या पायाचा अंगठा तुटलेला असायचा, म्हणून बापू अजून डावा पाय ओढत चालतो." आम्ही सगळे बापूच्या पायांकडे बघायला लागलो. खरंच ओढतो.

"ताप आल्यावर कुणाला काय लागायचं: दादाला कुणी जवळ नको. ताईला हात धरायला हवा. बापूला गोष्ट. सहावीला कडेवरून खाली ठेवलेलं चालायचं नाही, ताप असो वा नसो."

"एकटीला मिळणारा वेळ: सकाळी पाणी तापेपर्यंत."

आणि चौदाव्या पानावर, किल्ली आणि कंदिलाची काच यांच्या मधोमध:

"शिडी भिंतीला मी लावली. माळ्यावर माझी एक वही होती, ती काढायची होती. मला चढता येत नव्हतं कारण कडेवर सहावी होती आणि खाली ठेवली की रडून घर डोक्यावर घ्यायची. भाऊ हलका होता, त्याला चढवलं. शिडी कुणीच धरली नव्हती. मी धरू शकले असते तर मीच चढले असते."

मी तिथे होते तर.

दादा काही बोलला नाही. ताई उठून आत गेली. फोनवर अक्का विचारत होती, "चौदावं पान झालं का?" आम्ही हो म्हटलं, तर म्हणाली, "पुढे वाचा, पुढे कपड्यांचं आहे."

थोरला नग

"सकाळी पाणी तापेपर्यंत." अक्कांना माझा नमस्कार सांगा.

निळी शाई

आणि वहीचं? कुठली वही ते विचारलं की नाही?

सहावी

@निळी शाई, विचारलं. "होती एक. सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात." तेवढ्यावर विषय मिटवला.

कोरी पाटी

हे वाचून काल भावाला फोन केला. पान परत लिहायला तयार आहे. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. बघू.

सहावी

@कोरी पाटी, शुभेच्छा. मनापासून.

भाऊचं पाकीट काल पोस्टाने आलं. प्रत्यक्ष भेटलो तेव्हा आणायला विसरला होता म्हणे. पंधरा शब्दांपैकी चौदांसमोर रेघ. "शिडी"समोर एवढं लिहिलंय:

"शिडीवरून पडलो नाही. नीट उतरत होतो. खालच्या चार पायऱ्या उरल्यावर उडी मारली, अक्का बघत होती म्हणून. वही उजव्या हातात होती, सोडली नाही. हातावर पडलो. शिडी कुणी धरली असती तरी पडलोच असतो."

रिकामटेकडा

वाईट वाटून घेऊ नका, पण हे अक्कांचं चौदावं पान ऐकल्यावर लिहिलेलं आहे ना? खोडरबरच्या नियमात बसत नाही. माणूस बहिणीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला असं लिहू शकतो.

खोडरबर

नियमात बसत नाहीच. पाकिटावर पोस्टाचा शिक्का कधीचा आहे ते बघता येईल. पण मी सहावीच्या जागी असते तर बघितला नसता.

सहावी

मी बघितला नाही. पाकीट धाकट्याकडे दिलंय, तोही बघणार नाही म्हणाला. (धाकटा बघणार. मला माहीत आहे.)

अक्काला फोनवर वाचून दाखवलं. आधी म्हणाली, "काहीतरीच. उडी कसली मारतोय तो, भित्रा होता." मग थोडं थांबून म्हणाली, "वही सोडली नव्हती, हे मात्र खरं. प्लास्टर घालेपर्यंत बगलेत धरून होता."

मी भाऊला ते सांगितलं. तो म्हणाला, "सहा आठवडे शाळा नव्हती. दुसरं काही वाचायलाही नव्हतं."

म्हणजे त्याने ती वही वाचलीये. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आठ वर्षांचा असताना, आणि आजवर अक्षर बोललेला नाही. अक्काला विचारलं, चालेल का त्याने लिहिलेलं? तिने बराच वेळ घेतला. मग विचारते, "आठवतंय का त्याला? मला नाही गं आठवत, काय लिहायचे ते."

आज सकाळी भाऊचा निरोप आला. आणखी कागद पाठव म्हणतोय, रेघांचे.